लाल नट

आमच्या घरी तिला कुणी कधी ट्रक म्हटलं नाही. ती क्रेन होती. 'क्रेन काढा', 'क्रेन खंबाटकीला गेलीय', 'अण्णा क्रेनखाली आहेत, तुम्ही जेवून घ्या'. साताऱ्यात कोरेगाव रस्त्याला आमचं गॅरेज होतं आणि गॅरेजच्या मागच्या अंगाला, चिंचेखाली, ती उभी असायची. पिवळी, बोजड, चपट्या नाकाची. मागे दोन लोखंडी चॅनेल तिरके वर गेलेले, त्यांच्या टोकाला चेनब्लॉक आणि आकडा. घाटात रात्री ट्रक कलंडला की कुणीतरी येऊन दार वाजवायचं. फोन आमच्याकडे खूप उशिरा आला. अण्णा, म्हणजे माझे वडील, स्वेटर चढवून, बॅटरी घेऊन बाहेर पडायचे आणि थोड्या वेळाने चिंचेखालून तिचा आवाज यायचा. आधी हँडलचे दोन कोरडे हिसके, तिसऱ्याला ठसका, मग एका लयीत चालणारी सहा सिलिंडरची घरघर. ती घरघर रस्त्याच्या वळणापर्यंत ऐकू यायची आणि मी पुन्हा झोपायची.

अण्णांनी ती १९७४ मध्ये एका जंगल ठेकेदाराकडून घेतली. जावळीच्या आणि कोयनेच्या बाजूने ती लाकूडफाटा आणि कोळसा वाहायची. अण्णांनी मागचा लाकडी हौदा उतरवला आणि क्रेनचा सांगाडा स्वतः वेल्डिंग करून बसवला. पुढची चाळीस-बेचाळीस वर्षं ती क्रेनच होती. त्याआधी ती काय होती, हे घरात एकाच माणसाला नीट माहीत होतं.

ते म्हणजे थोरले आजोबा, अण्णांचे चुलते. ते मराठा पलटणीत होते आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढून आले होते. आमच्या भागात ही काही विशेष गोष्ट नाही. इथून जवळच अपशिंगे आहे, ज्याच्या नावातच 'मिलिटरी' आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले. थोरले आजोबा गॅरेजवर आले की खुर्चीवर बसायचे नाहीत, क्रेनच्या केबिनमध्ये चढून बसायचे. पुढच्या काचेची वरची कड पुढे झुकलेली आणि खालची आत घेतलेली आहे. हे उलटं का, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी काचेवर बोट वाजवून सांगितलं, ''वर इमान असलं की ही काच चमकायची न्हाई, पोरी. चमकली की मेलो.'' बाकीच्या लढाईबद्दल ते फारसं बोलत नसत. सेनिओ नदीचं नाव तेवढं दोन-तीनदा ऐकलंय. मराठा पलटणीच्या नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ती ९ एप्रिल १९४५ ची लढाई त्याच नदीवरची. हे मला पुष्कळ पुढे, वाचून कळलं. तोवर आजोबा गेले होते.

लहानपणी माझ्याकडे क्रेनचं एक काम असायचं. खंडेनवमीला गॅरेजमधले पाने, हातोडे, व्हाइस, ड्रिल सगळं रॉकेलने पुसून चटईवर मांडायचं, झेंडूच्या माळा करायच्या आणि पूजेआधी क्रेनच्या चाकांचे नट रंगवायचे. सगळे नाहीत. तिच्या प्रत्येक चाकावर नटांची दोन कडी आहेत. आतल्या कड्यातले नट चाक हबला धरून ठेवतात, बाहेरच्या कड्यातले नट रिमचे दोन तुकडे एकमेकांना धरून ठेवतात. माझ्याकडे ऑइलपेंटची छोटी लाल डबी आणि एक इंची ब्रश. बाहेरचे तेवढे लाल करायचे, आतल्यांना थेंबही लागता कामा नये. लागला तर अण्णा चिंधी रॉकेलमध्ये बुडवून माझ्याच हातात द्यायचे.

''लाल नट चाकात हवा असताना खोलायचा नाही,'' ते दरवर्षी सांगायचे, मला पाठ असूनही.

अण्णा २०१७ मध्ये गेले. तोवर गॅरेजचं काम तसंही आटलं होतं. हायड्रॉलिकच्या मोठ्या क्रेन हायवेला उभ्या राहायला लागल्या होत्या. मी पुण्याला एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होते, महिन्या-दोन महिन्यांनी यायची. क्रेन चिंचेखाली तशीच. त्यावर साताऱ्याचा पाऊस आणि चिंचेचा पाला, म्हणजे लोखंडाला दोन्ही बाजूंनी वैरीच. पाला केबिनच्या खाचांत साचतो, ओल धरतो आणि खालून पत्रा खातो. दोन पावसाळ्यांत ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा जाळी झाला. २०१९ च्या दिवाळीत मी आले तेव्हा भंगारवाला येऊन बघून गेला होता, किलोचा भावही सांगून गेला होता. आईने होकार दिला नव्हता, नकारही दिला नव्हता. दुसऱ्या दिवशी तो गॅस कटर टेम्पोत घालूनच आला. त्या कटरच्या नळकांड्या अंगणात उतरताना पाहिल्या आणि मी त्याला परत पाठवला. पुढे काय करायचं ते तेव्हा अजिबात ठरलेलं नव्हतं.

मामा दुसऱ्या दिवशी आले. मामा म्हणजे नात्याने कुणी नव्हेत. चौदाव्या वर्षी अण्णांकडे हेल्पर म्हणून लागले आणि चाळीस वर्षं मिस्त्री म्हणून राहिले. त्यांनी क्रेनभोवती एक फेरी मारली, डिपस्टिक ओढून नाकाशी नेली, बोटांत तेल चोळून पाहिलं आणि म्हणाले, ''पानी न्हाई शिरलं. जित्ती हाय.''

गाडीची जात कळली ती डॅशबोर्डाखालच्या पट्टीवरून. पिवळ्या रंगाच्या तीन-चार थरांखाली ती झाकली गेली होती. रॉकेल लावून, चिंधीने भिजवून, नखाने खरवडून अक्षरं मोकळी केली. जनरल मोटर्स ऑफ कॅनडा, ओशावा. सी ३०. सी म्हणजे शेव्हरोले आणि ३० म्हणजे तीस हंड्रेडवेट, आपल्या हिशेबाने दीड टनाची गाडी. युद्धाच्या आधी ब्रिटिश फौजेने ठरवून दिलेल्या नमुन्यावर कॅनडात फोर्ड आणि शेव्हरोले या दोन एरवीच्या वैऱ्यांनी एकसारख्या गाड्या बनवल्या. केबिन तीच, बांधणी तीच, फक्त इंजिन ज्याचं त्याचं. अशा गाड्या चार लाखांहून जास्त निघाल्या. उजव्या हाताचं स्टिअरिंग असल्याने त्या आफ्रिकेत, इटलीत, ब्रह्मदेशात आणि आपल्याकडे सर्रास चालल्या. फोर्डच्या अशाच चासीवर इकडे टाटानगरला चिलखती गाड्याही बांधल्या गेल्या. युद्ध संपलं आणि हजारो गाड्या डिस्पोजलमध्ये, म्हणजे लष्कराच्या नकोशा मालाच्या विक्रीत, निघाल्या. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या पंधरा-वीस वर्षांत महाराष्ट्रातल्या घाटांतून लाकूड, ऊस, दगड, कोळसा, काय काय वाहिलं ते या डिस्पोजलच्या गाड्यांनी. त्यांना कुणी जपलं नाही. त्या झिजेपर्यंत वापरल्या, म्हणून तर त्या उरल्या.

आधी चाकं काढायची ठरली, कारण टायर कुजून रिमवर बसले होते. मी पाना घेऊन खाली बसले तसा मामांनी माझा हात धरला. ''आधी हवा.'' मी म्हटलं, मामा, टायर चार वर्षं बसलेत, हवा कुठली उरलीय? ते काही बोलले नाहीत. त्यांनी व्हॉल्व्हची पिन काढली आणि आमच्या दोघांच्या तोंडावर गंजाची धूळ उडवत चांगली दहा-बारा सेकंद हवा निघाली. पिन गंजून अडकली होती, आत हवा तशीच होती.

मग चहा पिताना त्यांनी सांगितलं. अण्णांकडे यायच्या आधी ते वर्षभर एका टायरच्या दुकानात पोऱ्या होते. तिथे असल्याच एका डिस्पोजलच्या गाडीचं चाक आलं. कारागीर नवा होता. त्याला वाटलं, बाहेरचे नट म्हणजे चाकाचेच. ''चार नट सोडले तोवर काय न्हाई. पाचव्याला रिमचं पुढचं कडं उडालं. दुकानाचा पत्रा वाकवून गेलं. तो वाचला, पर हात गेला. मी पान्याची पेटी उचलाय वाकलेला, म्हणून माझ्या डोक्यावरनं गेलं.'' मामांच्या डाव्या कानामागे एक पांढरा व्रण आहे. तो मी जन्मभर बघत आले होते आणि कधी विचारलं नव्हतं.

इंजिन मात्र आम्ही दीड वर्ष करत होतो, आणि त्याबद्दल मला सविस्तर लिहायचंय, कारण ते तसलं काम आता बघायला मिळणार नाही.

हे २१६ घनइंचांचं, म्हणजे साडेतीन लिटरचं पेट्रोल इंजिन. आजच्या इंजिनात बेअरिंग म्हणजे दुकानात मिळणाऱ्या पातळ शेल असतात. जुन्या काढा, नव्या बसवा. हिच्या कनेक्टिंग रॉडमध्ये, म्हणजे पिस्टनला फिरत्या क्रँकशी जोडणाऱ्या दांडीत, शेल नाहीतच. रॉडच्या पोटात व्हाइट मेटल थेट ओतलेलं असतं: कथिल, त्यात थोडं अँटिमनी आणि तांबं. मऊ धातू. कचरा आला तर स्वतःत रुतवून घेतो, तेल संपलं तर स्वतः वितळतो आणि क्रँकला वाचवतो. आणि तेलही या रॉडला पंपाच्या दाबाने आतून मिळत नाही. रॉडच्या टोपीला खाली एक पळी असते. ऑइल पॅनमध्ये प्रत्येक रॉडखाली एक पन्हाळ. क्रँक फिरला की पळी पन्हाळीत बुडून तेल उचलते. वेग वाढला की शेजारच्या बारीक तोटीतून आलेली तेलाची धार पळी हवेतच झेलते. तोटी एक केसभर वाकडी असली तर घाटात त्या रॉडला तेल नाही. कंपनीने तोटीचा नेम धरायला खास गेज दिला होता. तो आमच्याकडे कधीच नव्हता. अण्णांनी तांब्याच्या तारेचा एक आकडा करून ठेवला होता, तो मामांच्या पेटीत निघाला, पानाच्या डबीत, कापसात गुंडाळलेला.

आम्ही इंजिन आधी होतं तसंच चालू करून पाहिलं. चाललं, पण आतून ठक ठक वाजत होतं. मामांनी लाकडी मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने एकेका प्लगचा करंट मारायला सुरुवात केली. पहिला मारला, आवाज तसाच. दुसरा, तसाच. चौथ्याला करंट तोडला तसा आवाज खाली बसला. ''चौथा रॉड,'' ते म्हणाले आणि स्विच बंद केला. पॅन उतरवलं तर तळाशी बोटभर जाड काळी साय, आणि तिच्यात चंदेरी चुरा.

व्हाइट मेटल भरणारे कारागीर आता फार उरले नाहीत. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मामांच्या ओळखीचे एक होते, वय ऐंशीच्या घरात. सहाही रॉड पिशवीत घालून आम्ही एसटीने गेलो. त्यांनी जुना धातू वितळवून काढला, रॉड ॲसिडने धुतले, आणि मग जे केलं ते मी लहानपणी आमच्या आळीत शंभरदा पाहिलेलं होतं. रॉड तापवला, नवसागर टाकला, पांढरा धूर निघाला, कथिलाची कांडी फिरवली आणि कापसाच्या बोळ्याने पुसून घेतलं. कल्हई! रॉडच्या पोटाला पातेल्यासारखी चकचकीत कल्हई. ती नीट धरली नाही तर वर ओतलेला धातू रॉडला चिकटत नाही, वर्षभरात पापुद्रा सुटतो. त्या वासासरशी मला आमच्या दारात भाता मारणारा कल्हईवाला आणि राखेत उलटी ठेवलेली पितळेची भांडी दिसली. मेटल तापलं का हे बघायला त्यांनी थर्मामीटर लावला नाही, झाडूची काडी बुडवून काढली. पहिल्यांदा काडी पिवळी आली, थांबले. नंतर तपकिरी आली तसं एका दमात ओतलं. ''मधी थांबलं की सांधा पडतो,'' एवढंच बोलले.

लेथवर बोअर करून आणल्यावर खरं काम मामांचं. क्रँकला निळं लावायचं, रॉड बसवायचा, एक फेरा फिरवायचा, उतरवायचा. जिथे निळं लागलं तिथे धातू उंच आहे. तिथून तीनधारी स्क्रेपरने एक पापुद्रा काढायचा. पुन्हा निळं, पुन्हा फेरा. शिमच्या पातळ पत्र्या एक काढ, एक घाल. एका रॉडला दोन दिवस. शेवटी पाचव्या आणि सहाव्या रॉडला मामांनी स्क्रेपर माझ्या हातात दिला. त्यांचा हात आता थरथरतो. स्क्रेपर दाबायचा नसतो, हे शिकायलाच मला एक दिवस लागला. तो धारेने ओढला की धातू साखरेच्या पाकासारखा उचलून येतो. दाबला की खड्डा पडतो आणि मागचं सगळं पुन्हा.

याच काळात पुण्याहून एक तरुण यायला लागला. त्याला जुन्या लष्करी गाड्यांचं मनापासून वेड, अभ्यास दांडगा, मला त्याने पुष्कळ गोष्टी शिकवल्या. त्याचं म्हणणं सरळ होतं. गाडी दुर्मीळ आहे, तिला मूळ रूपात न्यायला हवं. क्रेनचा सांगाडा कापून काढायचा. केबिन सँडब्लास्ट करून उघडा पत्रा करायचा. लष्करी हिरवा द्यायचा, पांढरे आकडे उमटवायचे. ट्रॅक्टरचा डायनॅमो फेकून मूळचा शोधायचा. मी तीन-चार महिने त्याच्याशी सहमत होते. तसं चित्रही काढून ठेवलं होतं.

मग मी डाव्या दाराला पॉलिश पेपर मारायला घेतला. आतल्या बाजूने, ओला करून, गोल गोल. आधी अण्णांचा पिवळा निघाला आणि त्यावर त्यांनीच ब्रशने लिहिलेला गॅरेजचा पत्ता, 'साताराे' अशी एक जादा मात्रा घातलेला, मग खोडून नीट केलेला. त्याखाली निळा आणि निळ्यावर ठेकेदाराच्या पेंटरने काढलेला अर्धा मोर. त्याखाली एक मळकट हिरवा. त्याच्याही खाली शेवाळी, खरखरीत, चमक नसलेला रंग, आणि त्यावर पांढऱ्या स्टेन्सिलने एल हे अक्षर आणि एका आकड्याचं पोट. एल म्हणजे लॉरी. ब्रिटिश फौजेत मोठ्या गाड्यांचे नंबर याच अक्षराने सुरू व्हायचे. झाडाच्या बुंध्यावरच्या कड्यांसारखी ती कडी एकात एक. तळहाताएवढ्या जागेत सगळी. मी पेपर खाली ठेवला.

आणखी घासलं असतं तर नंबर पुरा निघाला असता आणि मोर गेला असता, पत्ता गेला असता. थांबले तर नंबर अर्धाच. लष्करात ही गाडी फार तर चार-पाच वर्षं होती. लाकूड वाहण्यात पंचवीस वर्षं गेली. क्रेन म्हणून चाळीसच्या वर. मग मूळ रूप कुठलं? ज्याला आपण मूळ म्हणतो ते फक्त सगळ्यात आधीचं. आणि ती आज माझ्यासमोर उभी आहे ती ओशावाच्या कारखान्यामुळे जेवढी, तेवढीच त्या ट्रॅक्टरच्या डायनॅमोमुळे, उद्यमनगरात पाडलेल्या गनमेटलच्या बुशमुळे, तारेच्या त्या आकड्यामुळे. तो डायनॅमो मिळाला नसता तर ती १९८० च्या आसपासच कटरखाली गेली असती. ज्या दुरुस्त्यांनी गाडी जगली त्यांनाच डाग म्हणून पुसायचं, हे मला पटेना. त्या तरुणाला मी हे सांगितलं. तो नाराज झाला. त्याचीही बाजू खोटी नव्हती, चांगल्या अवस्थेतली लष्करी सी ३० आपल्याकडे बघायला मिळणं अवघडच आहे, आणि त्याच्या शब्दाला वजन होतं. पण त्याने त्या दाराचे फोटो काढले तेव्हा तोही बराच वेळ गुडघ्यावर बसून होता.

याचा अर्थ अण्णांनी केलेलं सगळं मी तसंच ठेवलं असा नाही. ब्रेकची मागची लाइन त्यांनी कधीतरी तांब्याच्या नळीची केली होती, मध्ये पितळेने जोड दिलेला. तांबं थरथर सोसून सोसून कडक होत जातं आणि एक दिवस तडकतं, तेही ब्रेक दाबताना. ती लाइन मी मुळापासून कापली. त्या जोडावर त्यांच्या हातचा टाका ओळखू येत होता; ते वेल्डिंग नेहमी डावीकडून उजवीकडे घ्यायचे आणि शेवटाला एक छोटा शेपूट ठेवायचे. हात थांबला, तरी कापली. वायरिंगही सगळं नवं केलं. ब्रेक, स्टिअरिंग आणि चाकं यांत आठवणींना जागा नाही, इतकं मला त्यांनीच शिकवलं होतं.

बाहेरचा पत्रा रंगवावाच लागला, गंज फार होता. पायाखालचा पत्रा नवा बसवला. लांबी, म्हणजे पुट्टी, कुठेही भरली नाही. ठोकून जेवढं सरळ होतं तेवढं केलं. रंग पिवळा दिला. डाव्या दाराच्या आतल्या बाजूला फक्त बिनरंगाचं लॅकर मारून तो तळहाताएवढा भाग होता तसा ठेवला. क्रेनचा सांगाडा आहे तिथेच आहे. कागदोपत्रीही ती क्रेनच आहे. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी केंद्राने २०२१ मध्ये वेगळे नियम केले, व्हीए अक्षरांची वेगळी नंबरमालिका दिली, पण ती दुचाकी आणि प्रवासी मोटारींसाठी. ट्रक त्यात बसत नाही. तो बसायला हवा असं माझं ठाम मत आहे. या देशाचे घाट, धरणं, कारखाने मोटारींनी उभे केले नाहीत.

२०२३ च्या जानेवारीत इंजिन दुरुस्तीनंतर पहिल्यांदा लावलं. फ्लायव्हीलच्या कडेत एक पोलादी गोळी बसवलेली असते आणि त्याच्या कव्हरला एक भोक. गोळी काट्यासमोर आली की टायमिंग बरोबर. मी हँडल हळूहळू फिरवत होते, मामा बॅटरी धरून भोकाला डोळा लावून. ''आली... आली... गेली. मागं घे.'' चौथ्या खेपेला ती चकाकती गोळी मलाही दिसली. मग हँडल मारायचं. अण्णांनी मी दहा वर्षांची असताना शिकवलं होतं: अंगठा मुठीत गुंडाळायचा नाही, बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, आणि दाबायचं नाही, वर ओढायचं. इंजिनने उलटा झटका दिला तर मूठ सुटली पाहिजे, मनगट मोडता कामा नये. तिसऱ्या हिसक्याला ठसका आला, पाचव्याला ती चालू झाली. आई मागच्या दारात येऊन उभी राहिली, हात पिठाचे.

तेव्हापासून खरी मेहनत सुरू झाली असं मी म्हणेन. दुरुस्ती एकदा संपते, निगा संपत नाही. दर रविवारी सकाळी तिला बाहेर काढते. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आमच्याच भागातल्या उसाचं. ते जुन्या रबराला फुगवतं आणि हवेतली ओल ओढून टाकीत पाणी करतं. म्हणून पंपाचा पडदा बदलला, आणि पावसाळ्यात टाकी रिकामी ठेवते. ग्रीसच्या निपलांची यादी भिंतीवर लावलीय, पण मामा यादीकडे बघत नाहीत, गाडीखाली सरकून पुढून मागे हात चालवत जातात आणि एकही चुकत नाही. गिअरला सिंक्रो, म्हणजे वेग आपोआप जुळवून घेणारी सोय, नाही. खालचा गिअर घ्यायचा तर क्लच, न्यूट्रल, क्लच सोडून ॲक्सिलरेटरला हलका झटका, पुन्हा क्लच. यवतेश्वरच्या चढाला हे जमायला मला सहा महिने लागले. इंजिन केबिनमध्येच, आपल्या मांडीशेजारी असतं. उन्हाळ्यात पाय भाजतात, थंडीत तीच ऊब बरी वाटते. वळणावर खाली सातारा आणि अजिंक्यतारा दिसतो, पण बघायला वेळ नसतो. कान चौथ्या रॉडकडे असतात.

गेल्या खंडेनवमीला मी लाल डबी आणि एक इंची ब्रश आणला. चाकं रंगवताना नट आम्ही तसेच पिवळे सोडले होते, ते काम दसऱ्याचं म्हणून. जुना रंग पोपडे धरला होता, तो काढल्याशिवाय नवा बसला नसता. मामांनी पुढच्या चाकाचा एक बाहेरचा नट छिन्नीच्या कडेने खरवडायला घेतला. चाकाचा पिवळा उडाला, त्याखाली लाल. तो माझा असणार, शाळेत असतानाचा. मामा खरवडत राहिले. त्याखाली निळ्याचा पातळ शिंतोडा, ठेकेदाराच्या वेळचा, आणि त्याच्या लगेच खाली पुन्हा लाल, जरा विटकरीकडे झुकलेला. मग हिरवा. हिरव्याखाली लोखंडाला घट्ट धरून बसलेला, सगळ्यात जुना, लाल.

मामांनी फुंकर मारली, नट चिंधीने पुसला आणि पुढच्या नटाकडे सरकले. मी डबीचं झाकण उघडलं.